स्नेक प्लांट रात्री नेमकं काय करतं?

पहिला पाऊस पडला की सोलापुरातल्या नर्सऱ्यांत गर्दी वाढते. अलीकडे तिथल्या कुंड्यांवर 'हवा शुद्ध करणारे' आणि 'रात्री ऑक्सिजन देणारे' अशा चिठ्ठ्या हमखास दिसतात. दुसरी चिठ्ठी बहुतेक वेळा स्नेक प्लांटवर असते. उभी, तलवारीच्या पात्यासारखी हिरवी-पिवळी पानं असलेलं हे झाड लोक खास झोपायच्या खोलीसाठी घेतात. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायला नेणारेही बघितले आहेत, आणि त्यामुळेच हे लिहायला हवं असं वाटलं. झाड जरूर घ्या. चिठ्ठीवरचं मात्र खरं नाही. आणि त्या चुकीच्या ओळीमागे वनस्पतिशास्त्रातली एक विलक्षण गोष्ट झाकली गेली आहे.

ऑक्सिजनपासून सुरुवात करू. वनस्पती जो ऑक्सिजन सोडतात तो पाण्याच्या रेणूतून येतो. पानातलं हरितद्रव्य प्रकाश शोषतं, त्या ऊर्जेवर पाणी फुटतं आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शाळेत हायड्रिला काचेच्या नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे मोजलेले आठवत असतील. बरणी अंधारात ठेवली की बुडबुडे थांबतात. हा नियम स्नेक प्लांटलाही लागू आहे, तुळशीलाही आणि पिंपळालाही. प्रकाश नाही तर पाणी फुटत नाही, आणि पाणी फुटत नाही तर ऑक्सिजन नाही. उलट रात्री प्रत्येक झाड श्वसनासाठी थोडा ऑक्सिजन वापरतं.

मग ही समजूत आली कुठून? स्नेक प्लांट रात्री खरोखरच एक वेगळं काम करतं. ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं. झाड कार्बन डायऑक्साइड घेतं म्हणजे ऑक्सिजन सोडतंच, असं पाठ्यपुस्तकातलं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं असल्यामुळे पुढची अर्धी ओळ लोकांनी स्वतःच भरून टाकली.

पण रात्री का? मे महिन्यातली सोलापूरची दुपार आठवा. पारा 42-43 अंशांवर, हवा कोरडी ठाक. पानावर पर्णरंध्रं नावाची अतिसूक्ष्म छिद्रं असतात. कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर ती उघडावी लागतात. पण ती उघडली की त्याच वाटेने पानातल्या पाण्याची वाफ बाहेर पडते. साधारण वनस्पतीला 1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी 400 ते 500 ग्रॅम पाणी गमवावं लागतं. कोरड्या प्रदेशात हा व्यवहार झाडाच्या जिवावर येतो.

आपल्या जिल्ह्याच्या ज्वारीने यावर एक तोड काढली आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी एम 35-1 रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते. त्यामागे खोल काळी जमीन आहे, तसाच ज्वारीच्या पानातला एक रासायनिक पंपही आहे. पेप कार्बोक्सिलेज नावाचं विकर (एन्झाइम) पानाच्या बाहेरच्या पेशींत कार्बन पकडतं आणि आतल्या पेशींत पाठवतं. तिथे त्याची साखर होते. त्यामुळे पाण्याचा खर्च 250 ते 300 ग्रॅमवर येतो.

स्नेक प्लांट, कोरफड, घायपात, निवडुंग आणि अननस हेच विकर वापरतात, पण कामाची विभागणी जागेऐवजी वेळेवर करतात. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला रात्रीची लाइट मिळते. तो रात्री मोटार लावून शेततळं भरून घेतो आणि दिवसा त्यातून पिकाला पाणी देतो. स्नेक प्लांटचं अगदी तसंच आहे. सूर्य मावळला, हवा गार झाली की त्याची पर्णरंध्रं उघडतात. आत आलेला कार्बन डायऑक्साइड पेशीतल्या पाण्यात विरघळून बायकार्बोनेट होतो. पेप कार्बोक्सिलेज तो तीन कार्बनच्या एका संयुगाला जोडतं. त्यातून आधी ऑक्झॅलोअॅसिटेट आणि मग मॅलिक आम्ल तयार होतं. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल ते हेच. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची मोठी पिशवी असते. रात्रभर हे आम्ल तिच्यात साठत राहतं. पानं जाड, मांसल असण्याचं एक कारण या साठ्यासाठी लागणारी जागा.

उजाडलं की पर्णरंध्रं मिटतात. मॅलिक आम्ल रिक्तिकेतून बाहेर येतं, फुटतं आणि रात्री पकडलेला कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतच मोकळा होतो. आता प्रकाश आहे, हरितद्रव्य कामाला लागलं आहे, रुबिस्को हे साखर घडवणारं विकर तयार आहे. बंद दाराआड साखर होते. या पद्धतीत 1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे 50 ते 100 ग्रॅम पाणी जातं, म्हणजे साधारण वनस्पतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. पाणी फारच कमी पडलं तर या गटातल्या अनेक वनस्पती रात्रीही पर्णरंध्रं उघडत नाहीत. स्वतःच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा आम्लात बांधतात आणि नुसत्या तग धरून राहतात. ऑक्सिजनही याच चक्रात दिवसा तयार होतो. रात्रीचा हिस्सा फक्त आम्ल साठवण्याचा.

या शोधाचं एक महत्त्वाचं टोक भारतात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन हेन हे सर्जन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात काम करत होते. त्यांनी पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी आंबटढाण, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. हे निरीक्षण त्यांनी पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि ते 1815 मध्ये छापून आलं. आम्लाचं पूर्ण रसायन उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं. पानफुटी ज्या कुळातली, त्या क्रॅस्युलेसी कुळाचं नाव या चक्राला मिळालं. शास्त्रज्ञ त्याला 'क्रॅस्युलेशियन अॅसिड मेटाबॉलिझम' किंवा थोडक्यात कॅम म्हणतात.

हे घरी तपासता येतं. पान चघळू नका, कारण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. शाळेच्या प्रयोगशाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानात पीएच कागद मिळतो. पहाटे एक पान चुरडून त्याचा रस कागदावर लावा आणि त्याच झाडाचं दुसरं पान संध्याकाळी. पहाटेचा रंग स्पष्टपणे आम्लाकडे झुकलेला दिसेल. आठवी-नववीच्या मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्या.

आता उशाशी ठेवलेल्या कुंडीचा हिशेब. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण 10 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ तासांचे 80 लिटर, म्हणजे जवळपास 145 ग्रॅम. तेवढा वायू झाडाने शोषला असं धरलं तर त्याची साखर व्हायला हवी. 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे 30 ग्रॅम साखर, या प्रमाणात ती भरते जवळपास 100 ग्रॅम. पानात नऊ हिस्से पाणी आणि एक हिस्सा कोरडा माल असतो. म्हणजे एका माणसाचा एका रात्रीचा श्वास पचवायचा तर स्नेक प्लांटचं वजन दर रात्री 1 किलोने वाढायला हवं. प्रत्यक्षात घरातल्या कुंडीला वर्षाकाठी मोजकी नवी पानं येतात.

आणि ऑक्सिजन कमी पडण्याची भीतीही निराधार आहे. 10 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत सुमारे 34,000 लिटर हवा असते. त्यात ऑक्सिजन 7,100 लिटरच्या आसपास. माणूस रात्रभरात यातला शंभरेक लिटर वापरतो. बंद खोलीत सकाळी डोकं जड वाटत असेल तर साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आणि उकाड्याचा विचार आधी करावा, आणि खिडकी उघडावी. ज्याला डॉक्टरांनी ऑक्सिजन सांगितला आहे, त्याला तो सिलिंडरमधून किंवा यंत्रातूनच द्यावा लागतो. कुंडीवर विसंबून तिथे एक तासही घालवू नये.

पिंपळाबद्दल तर आपल्याकडे एकाच वेळी दोन उलट गोष्टी सांगितल्या जातात. एक, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो. दुसरी, रात्री पिंपळाखाली झोपू नये, तिथे मुंजा असतो. मुंजावर विश्वास नसलेले लोक मग समजावतात की रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं, पूर्वजांना ते ठाऊक होतं. उघड्यावर झाडाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाऱ्याने लगेच पांगतो. झोपलेल्या माणसाला त्याचा काही त्रास होत नाही. अंधश्रद्धेला विज्ञानाचा सदरा चढवला की ती जास्त टिकते. म्हणून मला मुंजापेक्षा हे स्पष्टीकरण अधिक घातक वाटतं.

राहिली 'हवा शुद्ध करणारे' ही चिठ्ठी. तिचं मूळ 1989 मधल्या नासाच्या अहवालात आहे. बिल वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान, हवाबंद, पारदर्शक पेट्यांत झाडं ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोएथिलीन किती घटतात ते मोजलं. ते खरंच घटले. त्या कामात पानांइतकाच, काही वेळा त्याहून जास्त, वाटा कुंडीतल्या मातीचा आणि मुळांजवळच्या जिवाणूंचा होता. प्रयोग चोख होता, पण तो अवकाशयानासारख्या बंद जागेसाठी होता. आपलं घर बंद पेटी नाही. दाराच्या फटीतूनही हवा सतत बदलत असते.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी 2019 मध्ये अशा 196 प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले. एक कुंडी तासाला साधारण किती हवा स्वच्छ करते? मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला 0.023 घनमीटर, म्हणजे 23 लिटर. वरच्याच खोलीत तासातून एकदा हवा बदलते असं धरलं, तर तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायला जवळपास 1,500 कुंड्या लागतील. खिडकीची एक फळी उघडली की ते फुकट होतं.

शिवाय हे सगळं वायूंबद्दल झालं. सोलापूरची अडचण मुख्यतः धुळीची आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत आपलं नाव आहे. धूळ पानावर बसते, पण टेबलावरही बसते. ती पानाच्या आत जात नाही. पूर्व भागात घरालगत यंत्रमाग चालतात आणि सुताचे तंतू उडतात. हजारो घरांत बाया विड्या वळतात आणि तंबाखूची भुकटी हवेत असते. अशा घरांना एक्झॉस्ट फॅन, आरपार वारा आणि शक्य तिथे कामाची वेगळी जागा हवी. त्यांना कोणी 'शुद्ध हवेचं झाड' विकू नये असं मला मनापासून वाटतं.

तरीही घरात झाड असावं. ते वाढताना बघणं हेच पुरेसं कारण आहे. मग निवड हवेवरून न करता पाण्यावरून आणि उजेडावरून करा. सोलापूरसाठी माझी पहिली पसंती अर्थातच कॅमवाल्या झाडांना. स्नेक प्लांट कमी उजेडात तगतं. झेडझेड प्लांटही कॅम करू शकतं, आणि त्याच्या मातीखालच्या गड्ड्यांत पाणी साठलेलं असतं. कोरफडीला मात्र ऊन लागतं, ती खिडकीतच ठेवा. मनी प्लांट कॅममधलं नाही, पण सोशिक आहे. ते चोरून आणलं तरच पैसा येतो म्हणतात. पैसा येत नाही, फक्त शेजाऱ्याचं झाड बोडकं होतं. अरेका पामचं मूळ मादागास्करच्या दमट भागात आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आणि क्षारयुक्त पाण्यात त्याच्या पानांची टोकं करपतात, कितीही जपलं तरी.

कुंडी भरताना शेतातली काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि मुळं कुजतात. घरातली झाडं उपासमारीने फार कमी मरतात, जास्त पाण्याने मरतात. लाल माती, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि थोडं गांडूळखत चांगलं. कुंडीच्या बुडाला भोक हवंच. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. स्नेक प्लांट आणि झेडझेडला माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्या.

बोअरचं पाणी जड असतं, मातीवर पांढरा थर धरतो. पावसाळ्यात कुंडी एकदोनदा पावसात ठेवली की साठलेले क्षार धुऊन जातात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं. पूर्वेची खिडकी उत्तम, पश्चिमेची मे महिन्यात पानं भाजते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसा, म्हणजे धुळीने अडलेला प्रकाश पानाला मिळतो.

लहान मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट आणि झेडझेड उंचावर ठेवा. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंड आणि घसा सुजतो. मनी प्लांट बाटलीत लावला असेल तर आठवड्याच्या आत पाणी बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती पाण्याच्या कडेला, काचेवर चिकटून राहतात. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणीही त्याच दिवशी ओता.