ड्रम अँड बेस संगीतातील एमसी

ड्रम अँड बेस या ब्रिटिश नृत्यसंगीताच्या रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांत, डीजे तबकड्या वाजवत असताना त्या संगीतावर माइकवरून शब्दांची पेरणी करणाऱ्या आणि गर्दीशी संवाद राखणाऱ्या कलावंताला एमसी म्हणतात. डीजेचे नाव पुकारणे आणि श्रोत्यांना साद घालणे ही त्याची सहज दिसणारी कामे होत. त्याची खरी कसोटी लागते ती कुठे बोलावे आणि कुठे गप्प राहावे, याच्या जाणिवेत.

या कलेचे मूळ जमैकातील साउंड सिस्टिमच्या, म्हणजे मोठे ध्वनिवर्धक घेऊन रस्तोरस्ती नृत्यसंगीत वाजवणाऱ्या चमूंच्या, परंपरेत आहे. तेथे यू-रॉय यांच्यासारखे कलावंत रेकॉर्डच्या वाद्यसंगीतावर तालात बोलत असत. कॅरिबियन स्थलांतरितांबरोबर ही पद्धत लंडनला आली आणि 1980 च्या दशकात सॅक्सन या साउंड सिस्टिमवरील गायकांनी तिला वेगवान उच्चारांची जोड दिली. पुढे रेव्ह (रात्रभराच्या नृत्याच्या) पार्ट्या आणि कूल एफएमसारखी विनापरवाना रेडिओ केंद्रे यांतून ती 1990 च्या दशकारंभी ‘जंगल’ या वेगवान नृत्यसंगीतात आणि तेथून ड्रम अँड बेसमध्ये रुजली.

या संगीताची गती साधारणतः मिनिटाला 170 ते 175 ठोक्यांची असते. बेसची चाल मात्र अनेकदा तिच्या निम्म्या लयीत जाणवते. त्यामुळे एमसीला दोन वाटा मोकळ्या असतात: संथ लयीत रेगे या जमैकन संगीताच्या ढंगाने बोलणे किंवा ड्रमच्या बरोबरीने दुगुनीत शब्द फेकणे. रचना बहुधा 16 बारच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचे आवर्तन) टप्प्यांनी पुढे सरकते आणि 174 च्या गतीला असा एक टप्पा जेमतेम 22 सेकंदांत संपतो. तेवढ्या अवधीत एमसी आपले कडवे पुरे करतो, ड्रम थांबून ताण वाढू लागला की गर्दीला सज्ज करतो आणि बेस पूर्ण जोराने परत येण्याच्या क्षणी माइक तोंडापासून दूर नेतो. त्या क्षणी जो बोलत राहतो, तो रचनेचा सर्वांत मोलाचा भाग झाकून टाकतो. श्रोत्यांनी शिट्ट्या आणि आरोळ्यांनी मागणी केली, तर एमसी ‘रिवाइंड’ पुकारतो, डीजे तबकडी हाताने उलटी फिरवतो आणि तीच रचना पुन्हा सुरुवातीपासून वाजू लागते.

शैलींत मोठी तफावत आढळते. स्टीव्ही हायपर डी (मृत्यू 1998) यांनी रॅगा या रेगेच्या आधुनिक प्रकाराचा जोम आणि गाता येतील अशा ओळी यांच्या बळावर एमसीला कार्यक्रमाचे आकर्षण बनवले. स्किबाडी (मृत्यू 2022) दुगुनीतील अचूक उच्चारांसाठी नावाजले गेले. डीजे एलटीजे ब्युकेम यांच्या तरल, जॅझकडे झुकणाऱ्या संगीतावर एमसी कॉनरॅड मात्र संयत, काव्यमय बोलत आणि लांब विराम घेत. विरामाला एवढे वजन देणारे एमसी थोडेच. ग्राइम या लंडनमधील नंतरच्या रॅप-प्रवाहातील वायली आणि डी डबल ई यांनीही आरंभी जंगलच्या तालावर माइक हाताळला होता.

रॉनी साइझ यांच्या रेप्रेझेंट या समूहाला 1997 मध्ये अल्बमसाठी दिले जाणारे ब्रिटनमधील मर्क्युरी पारितोषिक मिळाले, तेव्हा डायनामाइट एमसी त्या समूहाचे सदस्य होते. पण एमसीला अशी मान्यता क्वचितच लाभली. जाहिरातींत त्याचे नाव सहसा डीजेच्या खाली, लहान अक्षरांत छापले जाई. त्याचे बरेचसे शब्द कधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेच नाहीत. रेव्हमध्ये मुद्रित करून संचांनी विकल्या गेलेल्या ‘टेप पॅक’ कॅसेटींत आणि रेडिओवरून घरोघरी उतरवून घेतलेल्या फितींतच त्यांतले पुष्कळसे टिकून आहेत.