मिनी ट्रॅक्टरचं अनुदान: आधी पूर्वसंमती, मग बिल

‘ट्रॅक्टर आणला, पूजा पण झाली. आता तेवढा अनुदानाचा फॉर्म भरून दे,’ असं म्हणत माणूस आमच्या सेवा केंद्राची पायरी चढला की माझ्या पोटात गोळा येतो. बाहेर पंधरा एचपीचा छोटा ट्रॅक्टर उभा असतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, स्टिअरिंगला झेंडूची माळ. हातात गेल्या आठवड्यातल्या तारखेचं बिल असतं. पूर्वसंमती, म्हणजे खरेदीला कृषी विभागाने आधी दिलेलं मंजुरीचं पत्र, निघण्याआधीच्या त्या बिलावर रुपयाही मिळणार नाही, हे त्याला सांगायचं काम माझं. डीलरने त्याला सांगितलेलं असतं, ‘आधी घेऊन टाका, अनुदानाचं नंतर बघू.’ हे ‘नंतर’ सरकारी पोर्टलवर नसतं.

आमच्या निफाड भागात छोट्या ट्रॅक्टरला मागणी आहे ती द्राक्षबागेमुळे. आठ-नऊ फुटांच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर घातला की वळताना खोडाला नाहीतर तारेला लागतो. पण आता घरामागे एकर-दीड एकर असलेली माणसंही विचारायला येतात: भाजीपाला, चार आंब्याची झाडं, गोठ्यातलं शेणखत वाहायचं, पावसाळ्यात गवत वाढतं. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही आणि भाड्याचा ट्रॅक्टर नेमका वाफशाच्या दिवशी मिळत नाही. अशांसाठी अर्ज कसा करायचा ते सांगतो.

तुम्ही यात बसता का

वैयक्तिक शेतकऱ्यासाठीची योजना म्हणजे कृषी यांत्रिकीकरण. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरच्या शेतकरी पोर्टलवर होतो. पहिली अट जमिनीची: सातबारावर तुमचं नाव हवं. घराभोवतीची जागा गावठाणातली असेल आणि तिला प्रॉपर्टी कार्ड असेल, किंवा प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला असेल, तर त्या जागेवर अनुदान नाही. पुण्या-नाशिकच्या कडेला बंगला बांधून अर्धा एकर बाग करणारे बरेच जण इथेच अडकतात. त्यांनी ट्रॅक्टर खुशाल घ्यावा, पण स्वतःच्या पैशाने. त्याच घरातल्या कुणाच्या नावावर दुसरीकडे शेतजमीन असेल, तर अर्ज त्या व्यक्तीच्या नावाने करता येतो. मग ट्रॅक्टरही तिच्याच नावावर घ्यायचा.

दुसरी अट शेतकरी ओळख क्रमांकाची, ज्याला सगळे ‘फार्मर आयडी’ म्हणतात. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. ज्यांनी काढला नसेल त्यांनी आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि आपल्या जमिनीच्या सगळ्या गटांचे नंबर घेऊन सेवा केंद्रात यावं. ‘सगळ्या’ म्हणतोय ते उगाच नाही. दोन गावांत जमीन असेल आणि एकाच गावची जोडली, तर नंतर दुरुस्ती करत बसावं लागतं. सामाईक खातं असेल तर तुमचा हिस्सा किती लागतोय ते तिथल्या तिथे बघून घ्या.

अनुदान किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्यातच. अल्पभूधारक, अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती आणि जमातीचे शेतकरी यांना किमतीच्या ५० टक्के, इतरांना ४० टक्के. अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकर. पण टक्क्याच्या शेजारी ‘किंवा कमाल मर्यादा, यापैकी जे कमी असेल ते’ असं लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरला ही मर्यादा गेली काही वर्षं पहिल्या गटासाठी सव्वा लाख आणि दुसऱ्यासाठी एक लाख अशी चालत आली आहे. चार लाख वीस हजारांचा ट्रॅक्टर घेतला तर निम्मे दोन लाख दहा हजार होतात, पण हातात सव्वा लाखच पडतो. मर्यादा शासन बदलू शकतं, म्हणून हिशेब धरताना आपल्या पूर्वसंमती पत्रावरचाच आकडा धरा, गावातल्या कुणाच्या तोंडचा नको.

ज्याला ट्रॅक्टर या घटकाचा लाभ एकदा मिळाला त्याला त्याच घटकासाठी पुढची दहा वर्षं अर्ज करता येत नाही. मात्र दुसऱ्या औजारासाठी करता येतो. ट्रॅक्टर घेतलेल्याला पुढच्या वर्षी रोटाव्हेटर मागता येईल, तेव्हा ट्रॅक्टरचं आरसी बुक, म्हणजे आरटीओचं नोंदणीपत्र, लागेल. म्हणूनच ज्यांच्याकडे ट्रॅक्टरच नाही त्यांनी उगाच औजारांवर टिचक्या मारू नयेत, अर्ज पुढे छाननीत अडकतो.

अर्ज

फार्मर आयडी टाकून लॉगिन केलं की जमिनीची माहिती बहुतेक आपोआप येते. घटक निवडताना मात्र डोळ्यांत तेल घाला. ट्रॅक्टर, मग टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह, मग एचपीचा गट. छोट्या ट्रॅक्टरचा गट ८ ते २० पीटीओ एचपीचा असतो. पीटीओ एचपी म्हणजे मागच्या शाफ्टवर औजाराला मिळणारी ताकद. ती इंजिनाच्या एचपीपेक्षा नेहमी थोडी कमीच भरते. जाहिरातीत ‘एकवीस एचपी’ लिहिलेला ट्रॅक्टर त्यामुळे २० च्या आतल्या गटात बसू शकतो. डीलरकडून फोनवर विचारून गट निवडू नका, तपासणी अहवालातला आकडा मागा.

हा तपासणी अहवाल काय असतो, हेही सांगतो. अनुदानावर दिला जाणारा ट्रॅक्टर सरकारमान्य संस्थेत तपासलेला लागतो. ट्रॅक्टरसाठी मोठी संस्था मध्य प्रदेशात बुदनीला आहे. अहवालावर मॉडेलचं पूर्ण नाव असतं, शेवटच्या अक्षरासकट. कोटेशनवरही तंतोतंत तेच नाव लागतं. गेल्या वर्षी एका आजोबांच्या कोटेशनवर मॉडेलच्या नावातलं शेवटचं इंग्रजी अक्षर गाळलं होतं. अर्ज परत आला. डीलरच्या मुलाने पेनने ते अक्षर वर लिहून दिलं, तर खाडाखोड म्हणून पुन्हा परत. शेवटी नवं कोटेशन, नवा शिक्का, आणि आजोबांच्या तालुक्याला तीन खेपा.

अर्ज करायला २३ रुपये ६० पैसे ऑनलाइन फी आहे. पूर्वी लॉटरी निघायची आणि लोक महिनोन्‌महिने मेसेजची वाट बघायचे. २०२५-२६ पासून ‘प्रथम अर्ज, त्याला प्राधान्य’ अशी पद्धत आली. त्यामुळे ‘लॉटरीत नाव आणून देतो’ म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

निवड झाल्यावर

मेसेज येतो आणि कागद अपलोड करायला मुदत मिळते. कोटेशन, तपासणी अहवाल, अनुसूचित जाती-जमातीतून अर्ज असेल तर जातीचा दाखला, सामाईक जमीन असेल तर इतरांचं संमतीपत्र, आणि पोर्टल त्या वेळी जे मागेल ते. बँकेचं खातं आधारला जोडलेलं असलं पाहिजे. ‘खात्याला आधार आहे’ आणि ‘अनुदान त्याच खात्यात येईल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांची तीन बँकांत खाती आहेत त्यांचं अनुदान भलत्याच, बंद पडलेल्या खात्याकडे निघतं. आधी बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, कोणतं खातं जोडलंय ते विचारा.

कागद तपासले गेले की पूर्वसंमती पत्र निघतं. इथून पुढे ट्रॅक्टर घ्यायचा, त्याआधी नाही. टोकन दिलं असेल तर ठीक, पण बिलाची तारीख पत्राच्या नंतरची हवी. पत्रावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती चुकली की संमती रद्द होते. बँकेचं कर्ज काढणार असाल तर पूर्वसंमती हातात पडेपर्यंत कर्जाचं प्रकरण अर्धं तरी तयार ठेवा, नाहीतर मुदत बँकेच्या फाइलीतच संपते. पैसे डीलरला बँकेतूनच द्या. रोख दिलेले पैसे कागदावर दाखवता येत नाहीत.

बिलावर नाव फार्मर आयडीवर आहे तसंच हवं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बिलावर, ट्रॅक्टरवर आणि पुढे आरसीवर एकच असले पाहिजेत. बिल अपलोड केल्यावर सहायक कृषी अधिकारी मोका तपासणीला, म्हणजे ट्रॅक्टर प्रत्यक्ष बघायला, येतात. कृषी सहायकांचंच हे नवं पदनाम. ते ट्रॅक्टरशेजारी तुम्हाला उभं करून फोटो काढतात, चेसिस नंबरचा फोटो घेतात. चेसिस नंबर ग्रीस नि मातीखाली गेलेला असतो, तेव्हा सकाळीच रॉकेलच्या फडक्याने पुसून ठेवा. तपासणीच्या वेळी ट्रॅक्टर मेहुण्याच्या गावी नांगरायला गेलेला नसावा. हसू नका, असं झालंय.

बचत गटाची वेगळी वाट

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतल्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना आहे, आणि पैशाच्या दृष्टीने ती खूपच भारी आहे. मिनी ट्रॅक्टर आणि त्याची साधनं, म्हणजे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, मिळून साडेतीन लाखांची मर्यादा. त्यातले ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार, शासन देतं. गटाने १० टक्के, म्हणजे ३५ हजार भरायचे. साडेतीन लाखांच्या वर जी किंमत जाईल ती गटाने सोसायची. तीन उपसाधनं घेताना हे विसरलं जातं आणि मग सदस्यांत भांडणं लागतात. आधीच बसून हिशेब करा.

गटातले किमान ८० टक्के सदस्य अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध घटकातले असावे लागतात. अध्यक्ष आणि सचिव तर त्याच घटकातले असलेच पाहिजेत. ट्रॅक्टर ९ ते १८ एचपीचा. इथे पंधरा एचपीचे महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ बसतात. २१ एचपीचा कुबोटा निओस्टार बसत नाही, कितीही आवडला तरी. पूर्वी याच योजनेतून पॉवर टिलर किंवा मिनी ट्रॅक्टर घेतलेल्या गटाला पुन्हा मिळत नाही. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. उद्दिष्टापेक्षा अर्ज जास्त आले तर सोडतीने निवड होते.

कागदांत गटाचं नोंदणी प्रमाणपत्र, सदस्यांची यादी, जातीचे दाखले, रहिवासी दाखले, आधार आणि गटाच्या नावाचं बँक पासबुक. गटाचं खातं म्हणजे गटाचंच, अध्यक्षाच्या नावाचं नाही. नुसता अर्जासाठी घाईघाईने काढलेला गट कागदावर उघडा पडतो: ठराव एकाच दिवशीचे, सगळ्या सह्या एकाच पेनाच्या. माझं मत विचाराल तर ट्रॅक्टर कुणाच्या अंगणात उभा राहणार, डिझेल कोण भरणार आणि सदस्याला तासाचं भाडं किती, हे ठराव वहीत आधी लिहा. मी पाहिलेले दोन गट अनुदानामुळे नाही, अंगणामुळे मोडले.

आरटीओचं काम संपेपर्यंत हात झटकू नका

ट्रॅक्टर घरामागेच फिरवायचा असला तरी तो मोटार वाहनच आहे. रस्ता ओलांडून पलीकडच्या तुकड्यात गेलात की नोंदणी हवी, विमा हवा. नमुना २० चा अर्ज, नमुना २१ चं विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ चं योग्यतेचं प्रमाणपत्र, विमा आणि ओळख-पत्त्याचे कागद, हे बहुतेक डीलरच करतो. पण आरसी ताब्यात येईपर्यंत तगादा लावायचा, कारण पुढे औजाराच्या अर्जाला तीच लागते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी होते, विम्यातही तिचा उल्लेख वेगळा हवा. कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा चढतो. हप्ते फिटल्यावर बँकेचा नमुना ३५ आणि ना-हरकत घेऊन तो उतरवून घ्या, नाहीतर विकताना गिऱ्हाईक दारातून परत जातं.

लायसन्स हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं चालतं. कायद्याने साडेसात टनांपेक्षा कमी रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या वाहनातच येतो. दहावीतला मुलगा ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर जातो ते गावात कौतुकाचं असतं, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न लायसन्सचा विचारते. दुसरा प्रश्न, मडगार्डवर कोण बसलं होतं. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने विटा-वाळू ओढताना काही झालं तरी हाच घोळ.

किमतीचं शेवटी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत चार लाख असेल तर कर ४८ हजारांचा २० हजार झाला, २८ हजार वाचले. जुनं छापील दरपत्रक पुढे करणाऱ्या डीलरकडे मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहिलेलं कोटेशन मागा. आणि त्याच कोटेशनवर मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर आहे का, ते तिथेच, काउंटरवर उभं राहून वाचा.