घाटपट्ट्यातील सूक्ष्मउद्योग (नाशिक जिल्हा)

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे तालुके आणि कळवण, दिंडोरी, बागलाण या तालुक्यांतील आदिवासी गावे यांतून घरगुती किंवा गटाच्या पातळीवर चालणारे छोटे धंदे, आणि ते टिकावेत व वाढावेत म्हणून केले जाणारे साहाय्य. पिठाची गिरणी, भाताची गिरणी, नागलीचे (नाचणीचे) पापड, वरईपासून भगर, खुरासणीचे (कारळ्याचे) तेल, बांबूकाम, किराणा दुकान, स्ट्रॉबेरीची विक्री हे यातील नेहमीचे प्रकार. वस्ती मुख्यतः कोकणा, महादेव कोळी व वारली या समाजांची आहे. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके पूर्णतः, तर इतर काही तालुक्यांतील ठरावीक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात.

आदिवासी विकास आयुक्तालय, १९७२ मध्ये स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ या तिन्हींची मुख्यालये नाशिक शहरातच आहेत. सुरगाणा तेथून सुमारे ९० किलोमीटर. एका सहीसाठी नाशिकला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे जाते, आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसरी खेप करावी लागते. धंद्याच्या खर्चात हा खर्च कोणी लिहीत नाही.

हंगाम आणि पैसा. या पट्ट्यातील धंदा समजून घ्यायचा तर आधी वर्ष कसे जाते ते पाहावे लागते. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस. भात, नागली व वरई यांची काढणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दिवाळी झाली की घरातील कर्ती माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. बरेच जण त्यापूर्वीच उचल (आगाऊ मजुरी) घेऊन बसलेले असतात. बागांतील खुडा संपवून ती मार्चनंतर परततात. म्हणजे कच्चा माल स्वस्त असतो तेव्हा गावात माणसे नसतात आणि हातात रोकड नसते; माणसे परततात तेव्हा माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असतो आणि भाव चढलेला असतो. विहिरीही तोवर तळाला जातात. बंद पडलेल्या बहुतेक गटांचे कारण शोधत गेले की गाडी याच तिढ्यापाशी येऊन थांबते. यंत्र मिळाले नाही म्हणून बंद पडलेला गट क्वचित सापडतो. यंत्र मिळाले, पण नागली घ्यायला पैसे नव्हते, असे गट पुष्कळ.

म्हणून साहाय्याचा क्रम महत्त्वाचा. आधी हिशेब, मग खेळते भांडवल, मग गिऱ्हाईक, आणि शेवटी यंत्र. प्रत्यक्षात योजना उलट्या टोकाने येतात. यंत्राचे उद्घाटन करता येते, फोटो निघतो. नोव्हेंबरात घेतलेल्या पाच क्विंटल नागलीचा फोटो कोण काढणार?

नागली पापडाचा हिशेब. नागलीचे पीठ आधणाच्या पाण्यात उकडून, मळून, दाबयंत्रात प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटी ठेवून पापड करतात. १ किलो पिठाला साधारण सव्वा लिटर पाणी, २० ग्रॅम मीठ, १५ ते २० ग्रॅम पापडखार, वरून तीळ व जिरे. पापडखार जास्त झाला तर पापड तळताना लाल होतो व कडवट लागतो. कमी पडला तर फुलत नाही. उकड थंड होऊ दिली की कडा चिरतात, म्हणून ती ओल्या फडक्याखाली गरमच ठेवतात.

१० किलो नागलीचा एक घाणा धरू. समजा, नागली ४५ रुपये किलोने ४५० रुपयांची. निवडणे-पाखडणे आणि दळणातील घट जाता पीठ ९ किलोच्या आसपास. दळण ६०, तीळ-जिरे-मीठ-पापडखार १५०, सरपण ५०. पाव किलोच्या ३४ पिशव्या भरतात, बाकी तुटफूट. पिशवी व लेबल ४ रुपयांप्रमाणे १३६. बेरीज ८४६ रुपये, म्हणजे पिशवीला सुमारे २५. गट ही पिशवी जत्रेत ५० रुपयांना विकतो आणि निम्मा नफा झाला असे समजतो. पण तीन बायकांचा एक दिवस गेलेला असतो. ३०० रुपयांनी तो ९०० रुपयांचा. तो धरला की खर्च १,७४६ रुपयांवर जातो आणि पिशवी ५१ रुपयांना पडते. जत्रेतील ५० रुपयांत नफा तर नाहीच, उलट मजुरीतला रुपया गेला.

“घरच्याच बायका, त्यांची मजुरी कुठे धरायची?” असे बैठकीत हमखास विचारले जाते. न धरल्याचे फळ पहिल्या मोठ्या ऑर्डरला दिसते. नाशिकमधील दुकानदार छापील किमतीवर २५ टक्के मागतो. माल पोहोचवण्याचा खर्च ३ रुपये धरला तर मालाची किंमत ५४, आणि दुकानदाराचे टक्के जाऊन तेवढे हातात पडायचे तर पिशवीवर ७२ रुपये छापावे लागतात, तेही नफ्याशिवाय. ५० रुपयांची सवय लागलेला गट ६० छापतो, ४५ हातात घेतो आणि जितका जास्त विकतो तितका जास्त बुडतो. मग बायका एकेक करून यायच्या बंद होतात, आणि अहवालात ‘सदस्यांमध्ये चिकाटीचा अभाव’ असे नोंदवले जाते.

भाव वाढवणे शक्य नसेल तर वेळ कमी करावा लागतो. हाताच्या दाबयंत्राऐवजी मोठे यंत्र येथे उपयोगी पडते, पण रोज किती पापड खपतात ते कळल्यावरच. उन्हात वाळवण फेब्रुवारी ते मे एवढेच चालते. वरून कोरडा दिसणारा पापड मधे ओला असतो. तो ऊन असतानाच पिशवीत भरला की आत वाफ धरते आणि पंधरवड्यात बुरशी येते. सावलीत पूर्ण गार करून, मोडल्यावर कट्‌ आवाज येतो का हे पाहून मगच भरायचा. परत आलेल्या मालाची कारणे तपासली तर बुरशी पहिली आणि भुगा दुसरी.

नागलीला मात्र एक मोठा गुण आहे: ती लवकर किडत नाही. कणगीत नीट वाळवून ठेवलेली नागली वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे नोव्हेंबरात ५ क्विंटल घेऊन ठेवायला फार जोखीम नाही, फक्त २२,५०० रुपये अडकवून ठेवण्याची ताकद हवी.

भगर. वरईवरील टरफल कठीण असते. उखळात कांडणे कष्टाचे, म्हणून शेतकरी अख्खी वरई व्यापाऱ्याला विकतो आणि उपासाला तीच भगर दुकानातून चढ्या भावाने आणतो. नाशिक परिसरात भगरीच्या मोठ्या गिरण्या आहेत. त्यांच्याशी भावात स्पर्धा करणे छोट्या गटाला परवडत नाही. हातसडीची किंवा कमी पॉलिश केलेली भगर म्हणून वेगळा ग्राहक गाठता येतो. मागणी आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र या दिवसांत एकवटलेली असते. यातील तीन सण पावसाळ्यात किंवा त्याला लागून येतात, आणि दमट हवेत ठेवलेल्या भगरीला बुरशी धरते. उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्यामागे बहुधा हेच असते. भगर टरफल काढून साठवू नये. वरई ठेवावी आणि ऑर्डरीपुरतीच भरडावी. सुटे पीठ विकणे तर टाळावेच.

गिरणी आणि वीज. तीन फेजची जोडणी पाड्यावर नसते, किंवा असली तरी दिवसातून काही तासच चालते. सिंगल फेजवर २ ते ३ अश्वशक्तीची चक्की चालते, भाताची मोठी गिरणी नाही. अनुदानात आलेले १० अश्वशक्तीचे यंत्र ताडपत्रीखाली झाकलेले दिसते ते यामुळे. कोटेशन घेण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात जोडभार, म्हणजे जोडणीवर किती वीजभार मिळेल ते, विचारावा, आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात घरात व्होल्टेज किती मिळते ते मीटरने पाहावे. लाइनच्या टोकाला असलेल्या वस्तीत दाब पडतो, मोटर ताणून चालते आणि जळते. रिवाइंडिंगसाठी ती वणी किंवा नाशिकला न्यावी लागते. चक्कीच्या दगडाला टाकी लावणारा (छिन्नीने पुन्हा खाचा पाडणारा) कारागीर आठवड्याच्या बाजारात भेटतो का, हेही आधीच विचारून ठेवलेले बरे. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येते, आणि गिऱ्हाईक न बोलता दुसऱ्या गिरणीकडे वळते.

किराणा. पाड्यावरचे दुकान उधारीवर चालते आणि उधारीनेच मरते. वसुलीचे हंगाम दोन: भात विकल्यावर आणि द्राक्षबागांतून माणसे परतल्यावर. मधल्या काळात भांडवलाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त रक्कम वहीत अडकली की माल भरायला पैसा उरत नाही. उधारी बंद करा, असे सांगणारा सल्लागार त्या गावात राहिलेला नसतो. घरटी मर्यादा ठरवणे जमते. दुसरी गळती घरातली. दुकानातून तेलाची पिशवी स्वयंपाकघरात जाते, नोंद होत नाही. घरात नेलेला मालही उधारीच्या वहीत ‘घर’ या नावाने लिहायला लावला की महिन्यात चित्र स्पष्ट होते.

कर्ज व अनुदान. तारणाचा प्रश्न येथे वेगळा आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सहजी हस्तांतरित होत नाही आणि वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, त्यामुळे बँकेला ती जमीन उपयोगाची वाटत नाही. हे संरक्षण आवश्यकच आहे. त्याची किंमत मात्र कर्ज मागताना मोजावी लागते. म्हणून विनातारण मार्गच खरे: बचतगटाचे बँक-कर्ज आणि २०१५ पासूनची मुद्रा योजना, जिच्यात ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत व ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते.

अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. स्वतःचा वाटा किमान १० टक्के. हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षे कर्जखाते सुरळीत राहिले, धंदा चालू राहिला, तरच कर्जात वळते होते. ‘३५ टक्के माफ’ एवढेच ऐकून हप्ते सोडून देणाऱ्याचे अनुदानही जाते. याच योजनेत गटाच्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळते, ते खेळते भांडवल व छोटी अवजारे यांसाठी. यंत्राच्या गडबडीत हा भाग मागायचा राहून जातो, आणि या पट्ट्यात गरज नेमकी त्याचीच असते. प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील अनुसूचित जमाती व महिला अर्जदारांना अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा ५ टक्के.

अर्ज अडतो तो साध्या कागदांवर. सातबारा सासऱ्याच्या नावावर, घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरांच्या नोंदवहीत) दिराच्या नावावर, आधारवरचे नाव माहेरचे. जागेसाठी भाडेकरार किंवा संमतिपत्र आधी करून ठेवावे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत. छोट्या खाद्यउद्योगासाठी अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते आणि तिचा १४ अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. ओटीपी येण्यासाठी रेंज असलेल्या टेकाडावर जाऊन फॉर्म भरणे हा विनोद नाही, रोजचा प्रकार आहे.

स्ट्रॉबेरी. सुरगाण्यात रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत तोडा चालतो. सापुताऱ्याच्या रस्त्यावर पर्यटकांना थेट विक्री हा सर्वांत चांगला भाव. फळ पहाटे, देठासह, पाऊण लाल असताना तोडतात. जीपच्या टपावर गेलेले फळ नाशिकला पोहोचेपर्यंत पाणी सोडते. याच जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षे परदेशात धाडते. पण तिचा आधार म्हणजे बारमाही पाणी, पक्का रस्ता आणि शीतगृह, आणि घाटपट्ट्यात या तिन्हींची वानवा. तिचा साचा जसाच्या तसा उचलून चालत नाही.

पावसाळ्यातील कामे. वाळवण बंद, रस्ते खराब, बाजार विरळ, अशा या चार महिन्यांत दगडाला टाकी, मोटरची देखभाल, नोंदणीची कामे आणि वर्षाचा हिशेब उरकून घेतात. कर्जाचा अर्ज ऑगस्टच्या आत बँकेत पडला पाहिजे. शाखेत एकच अधिकारी असतो आणि मंजुरीला दोन-अडीच महिने सहज जातात. अर्जात पहिला हप्ता मार्चनंतर मागावा, कारण तोवर पापड विकायला तयार झालेले नसतात. पैसे दिवाळीपूर्वी खात्यावर आले तर नागली खळ्यावरूनच उचलता येते.