‘स्टॉर्मी मंडे’: नाव सारखं, गाणं वेगळं

ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांची गीतशैली) गाणाऱ्या गिटारवादक टी-बोन वॉकरनं ‘स्टॉर्मी मंडे’ हे गाणं जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्सकडून उचललं, असं आजही छातीठोकपणे सांगतात. वॉकरवर हा अन्याय आहे. हाइन्सच्या वाद्यवृंदानं 1942 मध्ये ‘स्टॉर्मी मंडे ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं, गायला बिली एक्स्टाइन. पण त्याच्या शब्दांत ना वादळ, ना सोमवार! वॉकरचं 1947 चं गाणं पूर्ण वेगळं. वादळी सोमवार, तितकाच वाईट मंगळवार, शुक्रवारी गरुड उडतो (म्हणजे पगार होतो, डॉलरवरचा गरुड तो), शनिवारी मौज, रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना. कष्टकऱ्याचा अख्खा आठवडा त्यात आहे. गोंधळात भर पडली ती 1962 मध्ये: बॉबी ब्लँडनं गायलं वॉकरचं गाणं, तबकडीवर नाव छापलं गेलं ‘स्टॉर्मी मंडे ब्लूज’.