संत्र्याच्या कॅरेटमधली हिरवी भुकटी आणि थंड प्लाझ्मा

संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा सुरू झाला की आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडे घरोघरी कॅरेट लागतात, मागच्या हंगामात काकांनी ओसरीत चार दिवस ठेवलेलं एक कॅरेट उघडलं तर मधलं एक संत्रं मऊ पडलेलं, वर पांढरं गोल कडं अन् त्याच्या आत हिरवी भुकटी, काकांनी उचलायला बोट लावलं तशी ती भुर्रकन उडून बाजूच्या फळांवर बसली. "झालं, गेलं आता हे कॅरेट," एवढंच बोलले.

ही बुरशी म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम आणि ती भुकटी म्हणजे तिचे बीजाणू, बुरशीचं बीच म्हणा, एका सडक्या फळावर कोट्यवधी. ते सालीवर बसलेले असतानाच मारता आले तर? थंड प्लाझ्मा नेमका इथं कामाला येतो.

घन, द्रव, वायू आपण शाळेत शिकलो, प्लाझ्मा ही चौथी अवस्था, वायूला इतकी ऊर्जा द्यायची की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. आकाशात कडाडते ती वीज पण प्लाझ्माच, पण ती झाड जाळते, मग फळाला कशी चालेल? घरातली जुनी ट्यूबलाईट बघा. आतले इलेक्ट्रॉन 10 हजार अंशांच्या घरात तापलेले असतात तरी काचेला हात लावता येतो, कारण इलेक्ट्रॉन इतके हलके की बाकीचा वायू त्यांच्याने फारसा तापतच नाही, म्हणून याला थंड प्लाझ्मा म्हणतात. फळांसाठी हेच साध्या हवेत करतात, दोन धातूच्या पट्ट्या, मधे काच किंवा प्लास्टिक अन् हजारो व्होल्ट, की जांभळट उजेड दिसतो. अशी मांडणी वर्नर सीमेन्सने 1857 मध्येच ओझोन बनवायला वापरली होती. हवेतल्या ऑक्सिजन, नायट्रोजन अन् ओलाव्यापासून ओझोन, हायड्रॉक्सिल, नायट्रिक ऑक्साईड तयार होतात आणि ते जंतूचं बाहेरचं आवरण फाडतात, आतला डीएनए बिघडवतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की फळं डब्यात सीलबंद करूनही बाहेरून प्लाझ्मा देता येतो, काम झालं की ओझोनचा परत ऑक्सिजन होतो आणि डबा उघडेपर्यंत बाहेरचा नवीन जंतू आत येत नाही.

सडलेलं फळ निदान दिसतं तरी, साल्मोनेला किंवा लिस्टेरियासारखे माणसाला आजारी पाडणारे बॅक्टेरिया दिसत पण नाहीत. अमेरिकेत 2011 मध्ये लिस्टेरिया लागलेल्या खरबुजांमुळे 33 माणसं गेली. खरबुजाची साल जाळीदार, खरबरीत, जंतू खाचेत बसला की नुसत्या धुण्याने निघत नाही, चाकूसोबत थेट गरात जातो. क्लोरीनच्या पाण्यात फळं धुतात खरं, पण त्याला पाणी किती लागतं, अन् आमच्याकडे बोअर आधीच खोल गेलेत, त्यात ओलं राहिलेलं संत्रं अजून लवकर सडतं. प्लाझ्माला पाणी लागत नाही ही आमच्यासाठी लहान गोष्ट नाही.

पण तो फक्त वरवर काम करतो. खाचाखोचांत कमी पोचतो, बीजाणू बॅक्टेरियापेक्षा चिवट असतात, आणि जास्त वेळ दिला तर सालीवर डाग पडू शकतात. बुरशी एकदा सालीच्या आत गेली की प्लाझ्मा काहीच करू शकत नाही आणि ती आत जाते जखमेतूनच. आमच्याकडे अजून बरेच मजूर संत्रं ओढून तोडतात, देठासोबत सालीचा तुकडा निघतो, काकांच्या त्या संत्र्यालाही देठापाशीच खड्डा होता. यंदा त्यांनी तोड्यासाठी सहा कात्र्या आणल्यात.