घरगुती फ्लाइट सिम्युलेटरच्या सामग्रीची पूर्वपीठिका

फ्लाइट सिम्युलेटरचा छंद गांभीर्याने जोपासणाऱ्याच्या टेबलावर आज योक (विमानाचे हँडल) किंवा जॉयस्टिक, इंजिनाची ताकद कमीजास्त करणारे थ्रॉटलचे दांडे, पायाशी नाक डावीउजवीकडे वळवणारे रडर पेडल आणि मॉनिटरवर डोक्याच्या हालचाली टिपणारा छोटा कॅमेरा असा सरंजाम दिसतो. कॅमेरा सोडला तर ही उपकरणे विमानातल्या मूळ वस्तूंच्या प्रतिकृती म्हणून विकली जातात. मात्र त्यांचे आजचे रूप विमानाइतकेच संगणकाच्या मागच्या बाजूला असलेल्या जोडण्यांनी आणि त्यांच्या मर्यादांनी घडवले आहे. योक किती अंश फिरतो किंवा पेडल कुठे जोडायचे, हे प्रश्न विमानशास्त्राचे वाटतात, पण त्यांची बरीचशी उत्तरे 1981 साली ठरलेल्या एका सर्किटपाशी जाऊन पोहोचतात.

अर्थात जमिनीवर बसून उडण्याचा सराव संगणकापेक्षा बराच जुना आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा खेळवणारे भाते आणि झडपा हाताळत वाढलेल्या लिंक यांनी 1929 मध्ये त्याच तंत्रावर डोलणारे, वळणारे आणि नाक वरखाली करणारे सराव यंत्र बनवले. सुरुवातीला त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः मनोरंजन उद्यानांतच मिळाले. फेब्रुवारी 1934 मध्ये टपालवाहतूक लष्करी वैमानिकांकडे सोपवली गेली आणि खराब हवेत केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव नसल्यामुळे काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा कुठे लष्कराने प्रत्येकी 3,500 डॉलरला अशी 6 यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी याच निळ्या पेटीत बसून सराव केला. खेळणे आणि प्रशिक्षण यांतली सीमारेषा या क्षेत्रात आरंभापासूनच धूसर राहिली आहे.

घरात हा प्रकार आला तो ब्रूस आर्टविक यांच्यामुळे. इलिनॉय विद्यापीठात 1975 मध्ये संगणकावर विमानाचे त्रिमितीय दृश्य उभे करण्यावर प्रबंध लिहिणाऱ्या आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने 1980 च्या सुमारास ॲपल टू संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर विक्रीला आणला आणि 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्याच कामावर आधारलेली आवृत्ती आयबीएम पीसीसाठी प्रसिद्ध केली. तेव्हा बहुतेक लोक कीबोर्डच्या अंकांच्या बटणांनीच विमान चालवत. एक बटण दाबले की इलेव्हेटर, म्हणजे विमानाचे नाक वरखाली करणारे शेपटीवरचे पाते, ठराविक अंतराने सरकायचे, त्यामुळे हळुवार दाब देण्याची सोयच नव्हती.

ही सोय गेम पोर्टने करून दिली. आयबीएमने 1981 च्या पीसीबरोबर देऊ केलेल्या या 15 पिनांच्या जोडणीत 4 अक्ष (एका दिशेतली कमीजास्त हालचाल टिपणारे मार्ग) आणि 4 बटणे, म्हणजे प्रत्येकी 2 अक्ष आणि 2 बटणांच्या दोन जॉयस्टिक, एवढीच जागा होती. तिची रचना कमालीची काटकसरी होती. जॉयस्टिकमधला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून रोध बदलणारा भाग, हलला की त्याचा रोध बदलायचा, त्या रोधातून एक कपॅसिटर भारित व्हायचा आणि त्याला किती वेळ लागला हे प्रोसेसर स्वतः मोजत बसायचा. मोजणी वेळेवर अवलंबून असल्यामुळे कार्ड वा संगणक बदलला की दांड्याचा मध्य बदलल्यासारखा भासायचा आणि प्रत्येक वेळी दांडा चारही कोपऱ्यांत फिरवून कॅलिब्रेशन, म्हणजे मध्य आणि टोके नव्याने ठरवण्याचे काम, करावे लागायचे. पोटेन्शिओमीटरमधला कार्बनचा पट्टा झिजला की विमान हाताला न विचारता थरथरू लागायचे. जुने सिमर या थरथरीबद्दल आजही तक्रारीच्या सुरात बोलतात.

या चार अक्षांच्या वाटपातूनच पुढच्या दशकातील उपकरणे जन्माला आली. पहिले दोन अक्ष दांड्याला गेले, तिसरा रडर पेडलला. आजूबाजूला पाहण्यासाठी दांड्याच्या माथ्यावर अंगठ्याने चार दिशांना ढकलता येणारा हॅट स्विच हवा होता, पण त्याच्या चार दिशांसाठी वेगळी बटणे शिल्लकच नव्हती. सीएच प्रॉडक्ट्सने यावर उपाय म्हणून एकाच वेळी दोन-तीन बटणे दाबल्याचा संकेत हॅटच्या दिशांसाठी वापरला. 1990 मध्ये ओरेगॉन राज्यात सुरू झालेल्या थ्रस्टमास्टरने चौथा अक्षच हॅटला देऊन टाकला आणि प्रत्येक दिशेला वेगळा रोध नेमून दिला. मग थ्रॉटलचे काय? त्याला अक्ष उरला नाही, म्हणून कंपनीने थ्रॉटल चक्क कीबोर्डच्या तारेत मध्ये जोडला. थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलला की त्यातून बटणे दाबल्याचे संकेत जायचे आणि सिम्युलेटरला वाटायचे की कोणीतरी कीबोर्ड वापरत आहे. लढाऊ विमानातल्याप्रमाणे दोन्ही हात नियंत्रणांवरून न उचलता सारे काही करण्याची होटास पद्धत घरोघरी पोहोचली ती अशा जुगाडातून, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत कल्पक कामगिरी हीच आहे.

विंडोज 98 बरोबर यूएसबी रुळले आणि ही टंचाई संपली. उपकरण स्वतःच आपल्या अक्षांची आणि बटणांची यादी संगणकाला सांगू लागले, मोजणीचे काम त्यातल्या चिपकडे गेले आणि योक, पेडल, थ्रॉटल वेगवेगळ्या कंपन्यांचे घेऊन एकत्र जोडणे शक्य झाले. झिजणाऱ्या कार्बन पट्ट्याची जागा हळूहळू चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरने घेतली. 2010 च्या थ्रस्टमास्टर वॉर्टहॉगने ए-10 या लष्करी विमानाच्या दांड्याची धातूची प्रतिकृती याच सेन्सरसह विकायला सुरुवात केली. 2005 मध्ये इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनो या हौशी लोकांसाठीच्या छोट्या सर्किट बोर्डमुळे तर स्विचचे पॅनल, रेडिओच्या घुंड्या आणि ट्रिमचे (वैमानिकाच्या हातावरचा भार हलका करणारे) चाक घरच्या घरी बनवणाऱ्यांची एक स्वतंत्र जमातच तयार झाली. दरम्यान अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 1997 मध्ये मान्यताप्राप्त पीसी-आधारित यंत्रावर प्रशिक्षकासह केलेला 10 तासांपर्यंतचा सराव इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या परवान्यासाठी, ग्राह्य धरला. मात्र मान्यता विशिष्ट संपूर्ण यंत्राला होती, टेबलावर आपापल्या परीने जमवलेल्या सरंजामाला नव्हे.

डोळ्यांचा, म्हणजे आजूबाजूला पाहण्याचा, प्रश्न तुलनेने लवकर सुटला. अपंगांना हात न लावता माऊस चालवता यावा म्हणून डोक्याची हालचाल टिपणारी साधने बनवणाऱ्या नॅचरलपॉइंट या कंपनीनेच ट्रॅकआयआर आणले. टोपीवरच्या परावर्तक ठिपक्यांवर इन्फ्रारेड कॅमेऱ्याची नजर ठेवून डोके थोडे वळवताच पडद्यावरचे दृश्य पुष्कळ वळवण्याची युक्ती त्यात होती. पुढे 2012 मध्ये ऑक्युलस रिफ्टच्या प्रकल्पाने व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटची लाट आणली. हेडसेट घातल्यावर खोलीचे भान जाते हे खरे, पण बोटाखालचे बटण दिसत नाही, त्यामुळे हौसेने बनवलेले पॅनल नुसत्या स्पर्शाने चाचपावे लागतात.

हाताला जाणवणाऱ्या जोराचा प्रश्न मात्र आजवर चिवट ठरला आहे. योक आणि इलेव्हेटर केबलींनी जोडलेल्या सेसनासारख्या लहान विमानात वेग वाढला की इलेव्हेटरवर हवेचा दाब वाढतो आणि योक जड होतो, वेग मंदावला की तोच योक सैल पडतो. वैमानिक आधी योक ओढून नाक हव्या त्या ठिकाणी धरतो आणि मग हातावरचा भार जाईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवतो. योक जिथल्या तिथेच राहतो, फक्त ओढ नाहीशी होते. घरगुती योकमध्ये मात्र स्प्रिंग असते आणि तिला मध्य एकच ठाऊक असतो. त्यामुळे ट्रिम फिरवताना हात त्याच प्रमाणात मध्याकडे आणावा लागतो, आणि या दोन हालचालींचा मेळ चुकला की नाक वर-खाली झोके घेत राहते. नवशिक्याला वाटते आपल्याला उडवता येत नाही, पण प्रत्यक्षात त्याच्या हातात खऱ्या विमानापेक्षा अवघड वस्तू असते. एअरबस ए-320 ची गोष्ट वेगळी आहे. 1988 मध्ये सेवेत आलेल्या या विमानाची साइडस्टिकही स्प्रिंगनेच मध्यावर येते आणि नेहमीच्या उड्डाणात ट्रिम संगणक स्वतः सांभाळतो, म्हणून साधी जॉयस्टिक घेऊन बसलेला हौशी माणूस सेसनापेक्षा एअरबसमध्ये सत्याच्या जास्त जवळ असतो.

यावर विजेच्या मोटारींचा इलाज 1990 च्या दशकातच सापडला होता. सीएचची फोर्स एफएक्स आणि 1997 ची मायक्रोसॉफ्ट साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो यांनी हाताला उलटा जोर देऊन दाखवला. पण बाजार लहान होता, आणि स्पर्शतंत्राची पेटंटे बाळगणाऱ्या इमर्शन कंपनीने 2002 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि सोनीला न्यायालयात खेचल्यावर या वाटेला जाण्याचा उत्साह आणखी ओसरला. मायक्रोसॉफ्टने पुढच्या वर्षी तडजोड केली आणि सुमारे त्याच काळात साइडवाइंडर मालिका बंद झाली. नंतर अनेक वर्षे ज्यांना जोर हवा होता त्यांच्यासमोर जुन्या साइडवाइंडर शोधत फिरणे किंवा स्वित्झर्लंडच्या ब्रुनरसारख्या कंपनीचा महागडा योक घेणे एवढेच पर्याय उरले.

ऑगस्ट 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीच्या वर्षात, मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला आणि जॉयस्टिक-योकांचा जगभर तुटवडा पडला. हनीकोंबच्या अल्फा योकचे 180 अंश फिरणे, जे जुन्या साइटेक योकमध्ये जेमतेम 90 अंश होते, तेव्हा विशेष वाखाणले गेले. या वाढलेल्या गिऱ्हाइकीनंतर मोटारींचे दांडे पुन्हा बाजारात आले. त्यातल्या मोझा एबी9 सारख्या उपकरणात मध्याचे स्थान मोटार ठरवते, त्यामुळे सिम्युलेटरने ट्रिमची माहिती पुरवली की दांडा हातातच नवा मध्य धरतो आणि हाताने मेळ साधण्याची कसरत उरत नाही. त्यासाठी प्रत्येक विमानाच्या मॉडेलने ही माहिती नीट पुरवायला हवी, आणि सगळी मॉडेले ती अजून पुरवत नाहीत.