पिकअपच्या मागच्या चाकात हवा किती?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून वाशीला निघालेल्या पिकअपमध्ये पंचाहत्तर क्रेट भरले, तर एका क्रेटचे वीस किलो धरून दीड टन माल झाला. तीच गाडी रिकामे क्रेट घेऊन परत येते तेव्हा हौद्यात दीडशे किलोसुद्धा नसतात. हवा मात्र दोन्ही फेऱ्यांना तीच. पंक्चरवाल्यानं ‘किती मारू?’ विचारलं की ‘मार नेहमीसारखी’ हे उत्तर ठरलेलं. कारच्या बाबतीत ते खपून जातं, कारण तिचं वजन चार माणसं बसली काय आणि एकटा ड्रायव्हर असला काय, फारसं बदलत नाही. पिकअपचं बदलतं, आणि बदलतं ते जवळजवळ सगळं मागच्या ॲक्सलवर.

गाडीचं वजन रबर पेलतं असं वाटतं, पण ते मुख्यतः आतली हवा पेलते. टायर म्हणजे त्या हवेला धरून ठेवणारी पिशवी. हवेच्या दुकानातला एक पॉइंट, म्हणजे एक पीएसआय, एका चौरस सेंटिमीटरवर साधारण ७० ग्रॅम भार तोलतो. ६० पॉइंट हवा असेल तर चौरस सेंटिमीटरला सव्वाचार किलो. आता हिशेबापुरतं धरू की रिकाम्या गाडीच्या मागच्या एका चाकावर ३७५ किलो येतात आणि माल भरल्यावर १००० किलो. पुढच्या चाकावर तेवढ्यातच ५०० चे फार तर सव्वासहाशे होतात. मागचं चाक ६० पॉइंटवर असेल तर भरल्या गाडीत त्याचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे २४० चौरस सेंटिमीटर होईल. नक्षीची रुंदी १४ सेंटिमीटर धरली तर त्याची लांबी १७ सेंटिमीटर. हवा ४० वर आली की तीच लांबी पंचवीसवर जाते. टायरच्या बाजूची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे हे आकडे काटेकोर नाहीत, पण चित्र असंच असतं. चाक खाली बसतं, बाजूची भिंत फुगते, आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं.

पिकअपच्या पंधरा इंची रिमवरच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन-अडीच मीटर असतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला ते चाक सेकंदाला नऊ-साडेनऊ फेरे घेतं. म्हणजे भिंतीचा प्रत्येक तुकडा सेकंदाला नऊ-साडेनऊ वेळा वाकतो आणि सरळ होतो. तासाभरात चौतीस हजार वेळा. रबर वाकताना घेतलेली सगळी ऊर्जा सरळ होताना परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून आतच ठेवतं. तार हातात धरून पुढं-मागं वाकवत राहिलं की वाकतो तो भाग गरम होतो, तसंच हे. हवा कमी असेल तर प्रत्येक वाकणं मोठं, उष्णता जास्त. रबर उष्णतेचं वाईट वाहक, त्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही. शेवटी आतले तारांचे पट्टे आणि वरची नक्षी यांची पकड सुटते. रस्त्याच्या कडेला पडलेली टायरची लांबच लांब काळी सालपटं पुष्कळदा अशीच निघालेली असतात.

अमेरिकेत हे प्रकरण फार मोठं झालं होतं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीनं ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला होते, आणि एक्सप्लोररचा सांगाडा मुळात फोर्डच्याच रेंजर या पिकअपवरून घेतलेला. फोर्डची शिफारस २६ पीएसआयची, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. दोष टायरच्या रचनेत आणि घडणीतही होता, नुसता हवेत नव्हता. पण कमी हवा, उन्हाळा आणि वेग एकत्र आल्यावर तो उघडा पडला. सरकारी नोंदीप्रमाणे २७१ माणसं गेली. त्यानंतरच्या कायद्यामुळे तिथल्या नव्या हलक्या गाड्यांना हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तो दिवा ठरलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली आल्यावर लागला तरी नियमात बसतो. ६० पॉइंटच्या चाकाला म्हणजे ४५ वर. माल भरलेल्या पिकअपसाठी हा इशारा फार उशिराचा आहे असं मला वाटतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना तोही नसतो.

मग आकडा कुठून घ्यायचा? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर किंवा गाडीसोबतचं पुस्तक पाहायचं. तिथं पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात, आणि बऱ्याचदा रिकाम्या-भरल्या गाडीचेही. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब ही टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीसाठीचा सल्ला नव्हे. ही गल्लत फार जण करतात. भिंतीवर भाराचा सांकेतिक अंकही असतो. १०९ म्हणजे १०३० किलो, तेही पूर्ण हवा असताना. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा घातला तर कुठलाच पॉइंट उपयोगाचा नाही. जास्तीच्या मालासाठी जास्तीची हवा मारणारे पुष्कळ आहेत. त्यानं टायर बसलेला दिसत नाही एवढंच.

आकडा थंड टायरचा असतो, हे मात्र स्टिकरपेक्षा महत्त्वाचं. हवा बंद जागेत तापली की दाब वाढतो. पहाटे २५ अंशांना ६० पॉइंट असलेलं चाक धावून ५५ अंशांवर गेलं की गेज ६७ च्या पुढे दाखवतो. हे व्हायलाच हवं. ‘गरम झालाय, थोडी सोड’ म्हणून ती हवा ६० वर आणली, तर रात्री थंड झाल्यावर त्याच चाकात ५३ उरतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर एक टन बसतो. याचं उलटंही होतं. निफाडकडं जानेवारीच्या पहाटे पारा ८ अंशांवर येतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३३ अंशांना मारलेले ६० पॉइंट तिथं ५४ भरतील, काहीही गळलेलं नसताना. माळशेज घाट उतरल्यावरही पॉइंटभर कमी दिसतं, कारण गेज आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक मोजतो आणि खाली बाहेरची हवा जड असते. तेवढ्याकडं दुर्लक्ष केलं तरी चालेल.

नायट्रोजनचा आग्रह धरणाऱ्यांना एवढंच सांगावं लागेल की साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. तो कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, पण तापल्यावर तसाच वाढतो.

रिकाम्या गाडीत भरलेल्या गाडीची हवा राहिली तर काय होतं? मागचं चाक आता जेमतेम ९० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकलेलं असतं. गाडी खड्ड्यात आपटते, स्प्रिंगचे पाटे कडक असल्यानं उसळते, नक्षी मधोमध झिजते. पावसाळ्यात ओल्या उतारावर जोरात ब्रेक मारला की मागचा भाग बाजूला सरकतो. हे त्रास खरे आहेत, पण भरल्या गाडीत हवा कमी असण्याएवढे घातक नाहीत. रोज भाडं मारणाऱ्याला प्रत्येक फेरीला हवा कमी-जास्त करणं जमत नाही. त्यानं मागची चाकं भरल्या गाडीच्या आकड्यावर ठेवावीत आणि परतताना वेग आवरावा. ज्याची पिकअप महिन्यातून दोनदाच भरते, त्यानं मात्र रिकाम्या गाडीचा आकडा धरावा आणि माल चढवण्याआधी, चाक थंड असताना, हवा वाढवून घ्यावी. दुकान चार-पाच किलोमीटरवर असेल तर घरीच मोजून किती पॉइंट कमी आहेत ते लक्षात ठेवायचं आणि दुकानात तेवढेच घालायचे.

स्टेपनीत कायम मागच्या भरल्या चाकाएवढी हवा ठेवा. पुढं लावायची वेळ आली तर पिन दाबून जास्तीची सोडता येते. घाटात माल भरलेल्या गाडीखाली अर्धी स्टेपनी आली तर कॉम्प्रेसर सापडेल याची खात्री नसते.